वणीच्या वावरात पसरलेली तार

यवतमाळ जिल्हा म्हटला की काळी माती आणि तिच्याखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, डोळ्यांपुढे येतो. बहुतांश जिल्ह्यासाठी ते खरंही आहे. पण वणी, मारेगाव, झरी जामणी या पूर्वेकडच्या तालुक्यांत बेसॉल्ट विरळ होतो आणि त्याहून कितीतरी जुने थर उघडे पडतात. वर्धा नदीच्या अंगाला गोंडवन काळातले वालुकाश्म, शेल आणि त्यांच्यामधला कोळसा, तर राजूर-मुकुटबनकडे पैनगंगा गटाचा चुनखडक. वर्धा खोऱ्यातल्या कोळशावरचा टी. डब्ल्यू. एच. ह्यूजेस यांचा ग्रंथ १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून कोळशासाठी ही जमीन पुन्हा पुन्हा तपासली गेली. पाण्याचा विचार मात्र इथेही बेसॉल्टच्याच सवयीने होतो, आणि तिथेच मला खरी अडचण दिसते.

बेसॉल्टमध्ये पाणी असतं ते भेगांत, मुरमात किंवा सच्छिद्र मांजऱ्या दगडात. म्हणून तिथे ‘पॉइंट’ काढावा लागतो. एका धुऱ्यावर पाणी लागतं आणि पलीकडच्या वावरात बोअर फेल जातो. वालुकाश्मात पाणी कणाकणांमधल्या जागेत साठतं आणि तो थर गावांच्या शिवा ओलांडून पसरलेला असतो. इथे एका ठिकाणाचा शोध पुरत नाही. थर किती खोल आहे, किती जाड आहे, कुठे संपतो, हे समजून घ्यावं लागतं.

त्यासाठीची मापणी जमिनीत वीज सोडून करतात. ती उन्हाळ्यात होते, कारण पऱ्हाटी उपटल्याशिवाय सरळ रेषेत लांब तार ओढायला वावर मोकळं मिळत नाही. मधोमध मशीन आणि बॅटरी ठेवतात. एकाच ओळीत लोखंडाच्या चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज जमिनीत सोडायची आणि आतल्या दोन्हींमध्ये विद्युतदाबाचा किती फरक पडतो तो मोजायचा. सुरुवातीला बाहेरच्या खुंट्या मशीनपासून दीड-दोन मीटरवरच असतात. मग त्या दोन्ही बाजूंना सारख्याच सरकवत न्यायच्या. अंतर वाढेल तशी वीज अधिक खोलवरून वळून येते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहाशे मीटर तार पसरली, तर शंभर-सव्वाशे मीटरपर्यंतचा अंदाज येतो, तोही दगडांचा क्रम अनुकूल असेल तर.

लांबून हे काम सोपं दिसतं, पण जवळ उभं राहिलं की त्यातली चिकाटी कळते. मे महिन्यात काळी माती भेगाळलेली असते, खुंटी आणि माती यांचा नीट स्पर्शच होत नाही. दर ठिकाणी मिठाचं पाणी ओतावं लागतं. टोकाकडचा माणूस हात वर करतो, मधला आकडा मोठ्याने सांगतो, तिसरा वहीत लिहितो. आतल्या खुंट्यांमधला दाब फार कमी झाला की त्यांच्यातलं अंतर वाढवायचं, पण तसं करताना जुन्या आणि नव्या अंतरावर एकेक वाचन पुन्हा घ्यायचं, म्हणजे दोन्हींचा मेळ बसतो. रानडुकरांसाठी लावलेलं तारेचं कुंपण, खाणीकडे जाणारी विजेची लाईन, जमिनीतला पाइप, यांतलं काहीही जवळ असेल तर आकडे बिघडतात. मग सगळी ओळ वळवून दुसरीकडे न्यायची.

“साहेब, मशीनमंदी पाणी दिसते काय?” वावराचा मालक विचारतो. हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, आणि त्याला दिलेलं प्रामाणिक उत्तर मला या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. “काका, पाणी नाही दिसत. खालच्या दगडातून वीज किती सहज जाते, तेवढंच कळते.”

त्या उत्तरातच सगळी गुंतागुंत आहे. अखंड बेसॉल्ट आणि चुनखडक विजेला अडवतात, त्यांची प्रतिरोधकता शेकड्यांत, कधी त्याहून पुष्कळ जास्त. काळी माती आणि चिकणमाती ढोबळमानाने दहा ओहम-मीटरच्या आत-बाहेर. पाण्याने भरलेला वालुकाश्म या दोहोंच्या मध्ये. बेसॉल्टखाली प्रतिरोधकतेचा आलेख उतरला तर खाली गाळाचे थर आहेत, इतकं कळतं. पण तो उतार वालुकाश्मातल्या पाण्यामुळे आहे की शेलमुळे? शेलमध्येही पाणी असतं, फक्त ते उपसायला मिळत नाही. गोंडवनाच्या तळाशी तालचीर थर आहेत, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांनी आणलेला गाळ. त्यातली चिकण आणि शेल आकड्यांत आशादायक दिसतात, विहिरीत निराशा करतात. शिवाय पातळ पण कमी प्रतिरोधाचा थर आणि जाड पण थोड्या जास्त प्रतिरोधाचा थर यांचा आलेख जवळजवळ सारखा येऊ शकतो. संगणक दोन्ही उत्तरं तितक्याच खात्रीने छापून देतो.

निवड करायला मग दगडच पाहावा लागतो. जवळच्या नाल्याचा काठ, जुन्या विहिरीची कड, आणि वणी भागाचं मोठं भांडवल म्हणजे कोळशासाठी घेतलेल्या बोअरच्या नोंदी. कोणत्या खोलीवर कोणता थर लागला हे त्यांत लिहिलेलं असतं. अशा एका बोअरशेजारी तार पसरून तिथला आकडा आणि तिथला दगड जुळवला, की पुढच्या गावातला आलेख वाचायला आधार मिळतो. नवा बोअर झाल्यावर त्यात उपकरण सोडून भिंतीची प्रतिरोधकता खोलीगणिक मोजता येते. जाळीचा पाइप कोणत्या थरासमोर बसवायचा, हे त्यावरून ठरतं. घाईत ही मोजणी वगळली जाते आणि जाळी शेलसमोर येते. त्याचा मला फार राग येतो, कारण खर्च झालेला असतो, पाणीही शेजारच्या थरात असतं.

पाणी पिण्याजोगं आहे का, हे मात्र या तारेला विचारू नये. खारेपणा वाढला तर प्रतिरोधकता उतरते, फ्लोराइड मात्र तारेला कळत नाही. पांढरकवडा आणि झरी जामणी भागात भूजलातलं फ्लोराइड हा जुना त्रास आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारं पाणी चवीला किंवा दिसायला वेगळं नसतं. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो.

उकणी, निळजई अशा उघड्या खाणींच्या परिसरात या मापणीला आणखी एक काम आहे. खाण भूजलपातळीखाली गेली की वालुकाश्मातलं पाणी तिच्यात झिरपतं आणि कोळसा काढण्यासाठी ते उपसून बाहेर टाकावं लागतं. जवळच्या गावातल्या विहिरी आटल्या की वाद सुरू होतो, एकजण उपशाकडे बोट दाखवतो, दुसरा कमी पावसाकडे. वाद सोडवायचा तर आधी एक साधी गोष्ट ठाऊक हवी: खाणीच्या भिंतीत दिसणारा वालुकाश्म गावाच्या विहिरीपर्यंत सलग जातो का? गोंडवनाच्या खोऱ्यात भूभ्रंश पुष्कळ. एका बाजूचा थर खचून वालुकाश्मासमोर शेल आलेला असेल, तर पाण्याची वाट तिथेच अडते. खाणीच्या कडेपासून गावापर्यंत ठरावीक अंतरावर एकेक मापणी घेऊन सगळे आलेख शेजारी मांडले, की जमिनीचा उभा छेद मिळतो आणि थर कुठे तुटतो ते बरंचसं उलगडतं. तुटक्या जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक निरीक्षण विहीर घेऊन पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पातळी नोंदवली, तर उपशाचा परिणाम कुठवर पोचतो यावर आकड्यांनी बोलता येईल. हा छेद आणि या नोंदी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, कोणालाही पाहता येतील अशा लावलेल्या असाव्यात.