रात्री दोनचा फ्लॅप

१५ जुलैला राष्ट्रीय प्लास्टिक सर्जरी दिन झाला. २०११ पासून आपल्याकडे तो पाळतात आणि त्या आठवड्यात नाकाची ठेवण, केसांचं रोपण, पोटावरची चरबी यांवर लेख येतात. यंदाही आले. त्याच आठवड्यातली एक रात्र मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी वॉर्डात काढली. ड्यूटीवर होती एमसीएचच्या दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. नाव छापायचं नाही, एवढीच तिची अट.

मुलगी उदगीरकडची. वडील एसटीत वाहक, आई अंगणवाडी सेविका. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं जनरल सर्जरीत एमएस, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा, आणि आता एमसीएचची ही तीन वर्षं. बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जातात. गावी गेली की मावशी विचारते, "तू नक्की कसली गं डॉक्टर?" "भाजलेल्यांची, तुटलेल्यांची," असं उत्तर तिने ठरवून ठेवलंय.

शाळेत असताना तिने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा 'ए' ग्रेडमध्ये काढली होती. पुढे चित्रं सुटली, असं घरच्यांना वाटतं. तिच्या ॲप्रनच्या खिशात मात्र एक वही असते. प्रत्येक शस्त्रक्रियेची आकृती त्यात: कातडी कुठून उचलली, कुठे वळवली, टाके कुठे पडले. लाल पेन्सिल रोहिणीला, निळी नीलेला. या शाखेत कापण्याआधी आखावं लागतं, आणि आखणी चुकली तर टाके कितीही सुबक असोत, जखम ताणली जाते.

रात्री दोन वाजता ती सहा नंबरच्या पलंगापाशी गेली. रुग्ण चाळिशीतला, तंबाखूने झालेला तोंडाचा कर्करोग. आदल्या दिवशी त्याचा अर्धा जबडा काढला आणि पोटरीतलं बारीक हाड, फिब्युला, त्याच्या रक्तवाहिन्या आणि वरच्या कातडीसकट आणून तिथे बसवलं. त्या रक्तवाहिन्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. मानेतल्या वाहिन्यांना त्या जोडायच्या, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने. हे जोडकाम ती कोंबडीच्या तंगडीतल्या वाहिनीवर शिकली. हात टेबलावर टेकवायचा, श्वास सोडायचा आणि मगच सुई पुढे न्यायची. पहिले कित्येक टाके वाहिनीची मागची भिंतही शिवून टाकायचे, असं तिने सांगितलं.

पण शस्त्रक्रिया संपली म्हणजे काम संपलं नाही. पहिला दिवसभर तरी दर तासाला फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट आणून बसवलेला तो तुकडा, बघावा लागतो. तिने टॉर्च लावला, बोटाने कातडी दाबली. पांढरी पडली. बोट उचलल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परत यायला हवा. आला. मग बारीक सुईने टोचलं आणि आम्ही दोघंही त्या एका ठिपक्याकडे बघत राहिलो. लालभडक थेंब हळूहळू वर आला. थेंब काळसर, घाईने आला असता, तर नीला तुंबली. आलाच नसता, तर रोहिणी बंद. दोन्हींत सरांना फोन आणि पेशंट पुन्हा ओटीत. तिने तक्त्यावर वेळ लिहिली आणि सही केली. "सिस्टर, तीनला परत येते." ती आली. चारलाही आली.

मला या मुलीत डॉ. नोशीर अंतिया यांची परंपरा दिसते, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं याची खंत वाटते. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे चेहरे उभे करणाऱ्या सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली इंग्लंडमध्ये शिकून अंतिया परतले आणि पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करू लागले. औषधाने रोग बरा होत होता, पण बसलेलं नाक, गेलेल्या भुवया, वळलेली बोटं तशीच राहत. त्या चेहऱ्याला गाव परत घेत नसे. अंतियांनी ती नाकं उभी केली, भुवया लावल्या, बोटं सरळ केली, म्हणजे माणूस घरी जाऊ शकेल. पुढे जेजे रुग्णालयात त्यांनी टाटा प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. आणि मग हाच सर्जन अलिबागजवळच्या मांडव्यात जाऊन बेताचं शिकलेल्या बायकांना गावाचं आरोग्य सांभाळायला शिकवू लागला. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, २००७ साली ते गेले. नागपुरात १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या शाखेचा स्वतंत्र विभाग सुरू केला होता. सौंदर्याच्या बाजारापलीकडची ही शाखा महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत वाढली आहे.

पहाटे तिने जळीत कक्षातली एक बाई दाखवली. काही महिन्यांपूर्वी स्टोव्हने भाजलेली. जखमा जवळच्याच दवाखान्यात पट्ट्या करून भरल्या, पण वेळेत त्वचारोपण झालं नाही, मानेला पट्टा नाही, व्यायाम नाही. व्रण आकसला आणि हनुवटी छातीला चिकटली. तिला वर बघता येत नाही, तोंड नीट मिटत नाही. हे टाळता येतं. माझं स्पष्ट मत आहे, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात भाजलेल्यांचा वेगळा कक्ष आणि पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन हवा. सरकारी रुग्णालयात शिकलेली मुलं खासगीत जातात म्हणून बोटं मोडण्याआधी त्यांच्यासाठी जिल्ह्यात ओटी, भूलतज्ज्ञ आणि पद ठेवलंय का, ते बघावं. उदगीरच्या या मुलीला लातूरला जायचंय. जागा निघाली तर.

भाजलेल्यांसाठी कातडीही लागते. खूप भाजलेल्या माणसाच्या अंगावर घ्यायला पुरेशी चांगली त्वचा उरत नाही, तेव्हा त्वचापेढीतली त्वचा तात्पुरती लावून जीव वाचवतात. मुंबईत शीव रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या-पाठीवरचा पातळ थर काढतात, रक्तगट जुळवावा लागत नाही आणि देह विद्रूप होत नाही.

निघताना मी त्या निवासी डॉक्टरला विचारलं, वाचकांना काय सांगू? तिने एका दमात सांगितलं, तसंच देतो. कडबाकुट्टीत, उसाच्या चरकात, प्रेस मशीनमध्ये बोट तुटलं तर ते फेकू नका. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने धुऊन ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लावू नका, पेशी मरतात. हळद, दूध, चुना काही नको. बोट जोडण्याची सोय आहे का, हे रुग्णालयाला फोनवर विचारून निघा. आणि बोट कधी तुटलं, ती वेळ पिशवीवर लिहा.