गणिताचं संदर्भपुस्तक निवडताना

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर काही पालकांनी आम्हाला गाठलं. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकाच्या जोडीला गणिताचं कोणतं पुस्तक घ्यावं, असा त्यांचा प्रश्न होता. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे कशाला विचारायचं, असं वाटेल. पण 'हे असं का?' हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. म्हणून पुस्तकाचं नाव न सांगता, दुकानात उभ्या उभ्या कोणती तीन पानं उघडावीत ते सांगतो.

पहिलं पान वजाबाकीचं. ५२ वजा २७. 'दोनातून सात जात नाहीत, पाचाकडून एक उसना घ्या, दोनाचे झाले बारा.' आता एक घेतला तर तीन व्हायला हवेत, बारा कसे? आणि उसना घेतलेला परत कधी करायचा? मुलाला ही शंका यायलाच हवी. चांगलं पुस्तक इथे थांबतं. ५२ म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये. एक नोट मोडली की चार नोटा आणि बारा सुटे. रक्कम तेवढीच राहते. एवढं कळलं की पुढची रीत आपोआप कळते.

दुसरं पान संख्यावाचनाचं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! आपण कोणत्याही बाजूचे असू, मुलांची अडचण खरीच आहे. 'बावन्न' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी येतात. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकायचं आणि २९ लिहायचं. पुस्तक ही अडचण मोकळेपणाने मांडतं की नुसते अंक-अक्षरांचे तक्ते देतं, ते बघा.

तिसरं, बरोबरचं चिन्ह. ८ + ४ = □ + ५. पुष्कळ मुलं चौकटीत १२ लिहितात, कारण '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं त्यांच्या मनात बसलेलं असतं. खरं म्हणजे दोन्ही बाजू समान आहेत, एवढंच ते चिन्ह सांगतं. म्हणून चौकटीत ७. अशी उदाहरणं ज्यात आहेत, त्या पुस्तकाने मुलाचा विचार केलाय असं समजावं.

एक कबुली देतो. आम्ही आमच्या नातवाला सोडवलेल्या उदाहरणांचं एक जाडजूड पुस्तक आणून दिलं होतं. त्याची उत्तरं बरोबर येऊ लागली, घरात सगळे खूश. फक्त त्याचं 'आजोबा, असं का?' विचारणं बंद झालं. जन्मभर वर्गात हाच प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या आम्हाला ते कळायला वर्ष लागलं.

तेव्हा पुस्तक घ्यायला जाल तर मुलाला बरोबर न्या. एक पान त्याला वाचू द्या, मग पुस्तक मिटून म्हणा, 'आता मला समजाव.' त्याला समजावता आलं, किंवा निदान त्याने एखादी शंका काढली, तर पुस्तक घ्या. नुसतं उत्तर सांगितलं तर परत ठेवा.