टाकीतल्या माशाला 'फिट' येते तेव्हा



आज विषय जाळ्याचा नाही, काचेच्या टाकीचा आहे. हल्ली आपल्या बऱ्याच घरांत पोरांनी टाकी मांडली आहे. गोल्डफिश, गप्पी, मॉली असे रंगीत मासे असतात. बाप होडी घेऊन जलाशयात, पोरगं घरात टाकीसमोर. चांगलंच आहे.

मागच्या पावसाळ्यात एका सभासदाच्या घरून रात्री फोन आला. "माशांना फिट येतेय, काय करू?" आम्ही जाऊन बघितलं. पाचही गोल्डफिश काचेवर आपटत होते, मध्येच आडवे पडून थरथरत होते, परत उसळी मारत होते. घरातली आजी म्हणाली, "माणसाला कांदा हुंगवतात, ह्यांना काय हुंगवायचं?" हसू आलं, पण पोराचे डोळे भरले होते.

चौकशी केली तेव्हा कळलं, की त्याच दिवशी टाकी रिकामी करून घासली होती आणि सगळं पाणी नळाचं नवं भरलं होतं. पावसात पाण्यात ब्लिचिंग पावडर जास्त पडते. ती पडायलाच पाहिजे, नाहीतर माणसं आजारी पडतील. पण आपण पितो ते क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं. घरात आदल्या दिवशी भरून ठेवलेली पाण्याची बादली होती, तिच्यात मासे हलवले. तीन गेले, दोन वाचले.

फिट की पाणी?

माशालाही मेंदू आहे, खरीखुरी आकडी त्यालाही येऊ शकते. आपल्याच भारतातल्या ओढ्या-नाल्यांत मिळणाऱ्या छोट्या झेब्रा माशावर शास्त्रज्ञ आकडीच्या औषधांचे प्रयोग करतात. पण घरच्या टाकीत झटके दिसले तर दहातल्या दहा वेळा आधी पाण्यावर संशय घ्यावा. सोपा नियम लक्षात ठेवा: सगळे मासे एकदम बिघडले तर दोष पाण्यात. एकच बिघडला तर बहुधा आजार त्या माशात.

पाणी बिघडायची नेहमीची कारणं ही:

१) क्लोरीन. वर सांगितलं तेच. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवून मग वापरा. घाई असेल तर रंगीत माशांच्या दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात.

२) अमोनिया. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात भर पडते. जुन्या टाकीत चांगले जिवाणू तो पचवतात, पण नव्या टाकीत ते तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नवी टाकी आणि पहिल्याच दिवशी दहा मासे, हे करू नका. फिल्टरचा स्पंज नळाखाली साबणाने धुतला तर हेच जिवाणू मरतात. तो टाकीच्याच पाण्यात पिळा.

३) डासांचं औषध. हे कुणाच्या लक्षात येत नाही. कॉइल, लिक्विडचं मशीन, फवारा ह्यांतली औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशाच्या नसांवर थेट मार करतात. बुडबुड्याचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. फवारा मारायचाच असेल तर आधी पंप बंद करा, टाकी झाका, आणि खोलीतला वास गेल्यावरच पंप सुरू करा.

४) वीज जाणं. आपल्याकडे पावसात लाईटचा भरवसा नाही. पंप थांबला की ऑक्सिजन कमी पडतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. तांब्याने टाकीतलंच पाणी उंचावरून परत परत ओता, तेवढ्याने वेळ निभावते.

५) करंट. पंप किंवा हीटरची वायर खराब असली तर पाण्यात करंट उतरतो. टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. मासा गेला तर दुसरा आणता येईल.

एकच मासा दगडावर अंग घासत असेल, अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके असतील तर ते परजीवी आहेत. एकच मासा भोवऱ्यासारखा फिरतोय, डोळे बाहेर आलेत, तर आतला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याला वेगळ्या भांड्यात ठेवा. घरातल्या माणसांच्या गोळ्या कुटून टाकू नका.

झटके दिसले की पहिला उपाय एकच: साधारण चौथा हिस्सा पाणी काढून ठेवलेलं पाणी हळूहळू घाला, पंप जोरात चालवा, खाणं बंद. पण नळाचं ताजं पाणी भरल्यावर किंवा फवाऱ्यानंतर बिघडले असतील तर मासे सरळ ठेवलेल्या पाण्यात हलवा.

आता खरी विनंती

त्या घरातले दोन मासे वाचले, तेव्हा बाप म्हणाला, "टाकीत जगत नाहीत तर नेऊन धरणात सोडतो. तिथे तरी जगतील." मन चांगलं, पण काम चुकीचं. आम्ही तिथेच थांबवलं.

टाकीतल्या माशाबरोबर त्याचा आजार आणि परजीवीही पाण्यात जातात. आणि मासा तिथे जगला तर आणखी वाईट. काच साफ करायला म्हणून विकतात तो सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिकडे महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात तो आता जाळ्यात येतो. अंगावर काटे, जाळं फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. चिलापी १९५२ साली भारतात आणली, आज कुठल्या धरणात नाही ते सांगा. एकदा सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही.

आपली काळी नदी जोयडा तालुक्यातच उगम पावते. म्हणजे आपण सुपाच्या पाण्यात जे सोडू ते खाली दांडेली, कद्रा करत कारवारपर्यंत जाऊ शकतं. आपलं पोट ह्याच पाण्यावर आहे. नको असलेले मासे दुसऱ्या टाकीवाल्याला द्या किंवा दुकानात परत करा. मेलेला मासा नाल्यात न टाकता जमिनीत पुरा.

होडीवाल्यांनीही तोच नियम धरावा. जलाशयात किंवा ओढ्याच्या तोंडाशी खूप मासे एकदम गटांगळ्या खाताना दिसले तर "आयते मिळाले" म्हणून उचलू नका, विकू नका. ऑक्सिजन कमी झाला असेल, नाहीतर शेतातलं औषध वाहून आलं असेल. जागा, वेळ, फोटो घेऊन संस्थेत कळवा. आम्ही मत्स्य खात्याला कळवू.

ते दोन गोल्डफिश अजून आहेत. पोरगं आता दर रविवारी आदल्या दिवशीच बादली भरून ठेवतं.

पोस्ट घरातल्या पोरांना वाचून दाखवा.

— सचिव, आपली संस्था