जुनी गाडी ठोकली, विमा किती देणार?

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीच्या आयडीव्हीचा, म्हणजे विम्यातल्या किमतीचा तक्ता ठरलेला आहे. चौथं वर्ष सरून पाचवं लागलं, की त्या मॉडेलच्या नव्या किमतीतून ५० टक्के वजा. पाच वर्षांपुढे तक्ताच नाही! आकडा कंपनीनं आणि तुम्ही मिळून ठरवायचा, तोही पॉलिसी घेताना, अपघातानंतर नव्हे. हप्ता वाचवायला आयडीव्ही उतरवून घेणारे इथेच फसतात.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी ‘टोटल लॉस’. त्याखाली असेल तर दुरुस्ती. पण साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरीचे निम्मेच पैसे मिळतात. दहा वर्षांवरच्या गाडीला पत्र्याचेही निम्मे. काचेवर मात्र घसारा नाही. (बंपर प्लास्टिकचा असतो, हे बऱ्याच जणांना गॅरेजच्या बिलावरच कळतं.)