अवजार मोफत, मशागत आपली



घरातला मुलगा किंवा मुलगी "मला चित्रपट करायचा आहे" असे म्हणू लागली की आईबापांच्या पोटात गोळा येतो. कॅमेरा आता मोबाईलमध्येच आला. पण चित्रणाची काटछाट, आवाजाची सफाई, नावांच्या पाट्या ही कामे संगणकावर करावी लागतात आणि त्याची सॉफ्टवेअर महाग असतात, असा सर्वत्र समज आहे. मग कोणी उसनवारी करतो, तर कोणी चोरीची प्रत वापरतो. या दोहोंचीही गरज नाही.

सरळ वाणासारखे

सरळ वाणाचे बी आपण राखून ठेवतो, पुढच्या हंगामात पेरतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. मुक्त सॉफ्टवेअरचे तसेच आहे. ते वापरावे, त्याची प्रत दुसऱ्याला द्यावी, जाणकाराने त्यात सुधारणा करावी. त्याचा परवानाच तशी मुभा देतो. दुकानदाराने नमुन्यादाखल दिलेली पुडी निराळी. ती यंदा फुकट, पुढच्या वर्षी विकत. फुकट आणि मुक्त यांतला हा फरक ध्यानात ठेवावा.

नेदरलँड्समधील टॉन रूसेंडाल यांचे 'ब्लेंडर' हे याचे ठळक उदाहरण. अ‍ॅनिमेशनचे हे सॉफ्टवेअर बाळगणारी कंपनी २००२ साली बंद पडली आणि हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले. तेव्हा वापरणाऱ्यांनी वर्गणी काढली. सात आठवड्यांत १ लाख युरो जमले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ब्लेंडर सर्वांना खुले झाले.

याच ब्लेंडरवर गिंट्स झिलबालोडिस या दिग्दर्शकाने 'फ्लो' हा चित्रपट केला. ते लॅटव्हियाचे. युरोपातल्या या चिमुकल्या देशाची लोकसंख्या २० लाखांहूनही कमी. पुरात सापडलेले एक मांजर आणि त्याच होडीत आलेली इतर जनावरे, एवढीच गोष्ट. संवाद एकही नाही. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. लॅटव्हियाचे ते पहिलेच. मात्र त्यापायी पाच वर्षांहून अधिक काळ गेला आणि सुमारे ३५ लाख युरो खर्ची पडले. अवजार मोफत मिळाले तरी मजुरी मोफत होत नाही.

सुरुवात कशी करावी?

१. काटछाटीसाठी 'केडेनलाईव्ह' किंवा 'शॉटकट' घ्यावे. संगणक जुना असल्यास केडेनलाईव्हमधील 'प्रॉक्सी'ची सोय चालू करावी. कामापुरत्या हलक्या प्रती तयार होतात. अखेरचा चित्रपट मात्र मूळ चित्रणातूनच निघतो.

२. आवाजासाठी 'ऑडॅसिटी' आहे. चित्रणाच्या जागी कोणीही न बोलता दहा सेकंद नुसता आवाज घ्यावा. ऑडॅसिटीला तेवढा तुकडा नमुना म्हणून दाखवला की पंपाची किंवा पंख्याची एकसुरी घरघर बरीच कमी करता येते. वाऱ्याचा फडफडाट तसा सहज जात नाही. म्हणून बोलणाऱ्याला आडोशाला बसवावे.

३. मराठी पाट्यांसाठी मुंबईच्या 'एक टाइप'ने घडवलेला 'मुक्त' हा फॉन्ट वापरावा. त्याचाही परवाना मुक्तच आहे.

४. प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. चोरीच्या प्रतीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो आणि सारे काम क्षणात जाऊ शकते. चित्रणाची एक प्रत नेहमी दुसरीकडे जपून ठेवावी.

पहिला चित्रपट पाच मिनिटांचाच करावा. गावची जुनी विहीर, आजीचे गोधडी शिवणे, बैलबाजार यांतला कोणताही विषय चालेल. तो पुरा करून घरच्यांना व शेजाऱ्यांना दाखवावा आणि कुठे कंटाळा आला ते विचारावे.

आईबापांनीही मुलांना एक हंगाम द्यावा. तेवढ्या काळात पाच मिनिटांचे दोन चित्रपट पुरे झाले तर मुलाची ओढ खरी समजावी आणि मगच चांगल्या माइकसाठी चार पैसे काढावेत. त्याआधी कर्जाच्या कागदावर सही करू नये.