निजवलेलं मशीन उठत नाही

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी विषय घेऊन. त्यामुळे मी होडीच्या मशीनवर बोलणार आहे असं कळल्यावर घरातलेच हसले. पण दाभोळ खाडीच्या काठावर ज्याचं लहानपण गेलं, त्याला अक्षरओळख व्हायच्या आधी होडीची ओळख होते. शिवाय आज मला मशीन चालवण्याविषयी काही सांगायचं नाही. ते बंद असताना कसं ठेवावं आणि रस्त्यानं नेताना त्याला कशाचा आधार द्यावा, एवढंच सांगायचं आहे. गोष्ट क्षुल्लक वाटेल. मलाही वाटायची, २२ जुलै २०२१ पर्यंत.

आधी या मशीनची ओळख करून देतो. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ते हे मशीन. इंग्रजीत आउटबोर्ड मोटर, सरकारी यादीत ओबीएम आणि आमच्या खाडीत नुसतंच ‘मशीन’. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिन्रूड या कारागिरानं १९०९ मध्ये आपलं असं मशीन विक्रीला आणलं. त्याआधीही काहींनी प्रयत्न केले होते, पण त्याच्या मशीननंतर ही चाल सगळीकडे पसरली. त्याचं नाव ‘ओले’ याची मराठी कानाला गंमत वाटते. कारण या मशीनची निम्मी काळजी ते आतून ओलं राहू नये याचीच असते.

मशीनला वर डोकं असतं, म्हणजे इंजिन. त्याखाली लांब पाय. पायाच्या टोकाला गिअरची पेटी आणि पंखा. इंजिन थंड ठेवायला मोटारगाडीसारखा रेडिएटर नसतो. पायातला रबरी पात्यांचा छोटा पंप खाडीचंच पाणी वर ओढतो, ते इंजिनाभोवती फिरतं आणि पुन्हा पायातूनच खाली जातं. इंजिनाचा धूरही बहुतेक मशीनमध्ये याच पायातून पंख्यापाशी बाहेर पडतो. म्हणजे पाण्याची आणि धुराची वाट जवळजवळ एकच. हे एवढं लक्षात राहिलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

आमच्या मामूंकडे असं मशीन आलं तेव्हा मी शाळेत होतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते; आता हा काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा आहे. मे संपता संपता मामू होडी वर ओढून झापांनी शाकारायचे आणि मशीन उतरवून पडवीत आणायचे. एकदा ते उचलताना मी दमलो आणि ओट्यावर आडवं टाकलं. डोकं खाली अंगणाकडे, पाय वर ओट्यावर. मामू ओरडले, ‘‘अरे, निजवू नकोस त्याला! निजलं की उठायचं नाही.’’ मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. कवितेत वापरावं असं वाक्य, एवढंच मी त्यातून घेतलं.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, बाजाराजवळच्या घरात एकटी होती. पाणी जिना चढत होतं. फोन लागत होता तोवर ती सांगत होती, मग फोनही बंद झाला. जवळच्या एका वस्तीत अडीअडचणीसाठी म्हणून ठेवलेली फायबरची होडी होती. मुलांनी ती बाहेर काढली. मशीन एका खोलीत पोत्यांखाली सापडलं. आडवं पडलेलं, पाय पायरीवर उंच आणि डोकं जमिनीवर. मागच्या वर्षी कुणीतरी वापरून तसंच टाकलं होतं. मुलांनी होडीला लावलं आणि दोरी ओढली. दोरी हललीच नाही. चौघांनी आळीपाळीनं ओढली. त्या प्रवाहात वल्ह्यांचं काम नव्हतं. आपा संध्याकाळपर्यंत गच्चीवरच्या टाकीच्या कट्ट्यावर पावसात बसून राहिली. दुसऱ्या होडीनं तिला उतरवलं. ती वाचली, पण पुढे कित्येक दिवस पाऊस सुरू झाला की उठून जिन्यापाशी जाऊन बघायची.

नंतर मिस्त्रीनं ते मशीन माझ्यासमोर खोललं. पायात राहिलेलं पाणी उलट्या उतारानं धुराच्या वाटेतून सिलिंडरमध्ये उतरलं होतं. वर्षभरात गंज चढून पिस्टन सिलिंडरला घट्ट धरून बसला होता. मामूंचं वाक्य तेव्हा मला कळलं. ती उपमा नव्हती, यंत्रशास्त्र होतं.

म्हणून पहिला नियम: मशीन उभं ठेवावं, पाय खाली आणि डोकं वर. तसं ठेवलं की पाणी आपल्याच वजनानं निथळतं. त्यासाठी जाड फळीची लाकडी घोडी करावी, पायथा रुंद, म्हणजे कलंडणार नाही. होडीला अडकवतात तसंच मशीन त्या फळीला शिकंज्यांनी घट्ट आवळावं. पंखा आणि त्याखालचं पातं जमिनीपासून चार बोटं तरी वर राहिलं पाहिजे. काहीजण मशीन त्याच पात्यावर उभं करून भिंतीला टेकवतात. ते पातं वजन पेलायला केलेलं नसतं आणि भिंतीवरून मशीन घसरलं तर माणसाच्या पायावर येतं.

घोडीवर चढवण्याआधी त्याची अंघोळ हवी, तीही आतून. गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून मशीन दहाएक मिनिटं चालवावं. पाणी आत ओढणारी भोकं पूर्ण बुडालेली हवीत. कोरडं मशीन गंमत म्हणूनही सुरू करू नये, पंपाची रबरी पाती थोड्याच वेळात जळतात. पाणी नीट फिरत असेल तर मशीनच्या अंगातून एक बारीक धार बाहेर पडते. त्या धारेला आमच्या खाडीत जे नाव आहे ते इथं सांगण्यासारखं नाही, पण ती दिसली की सगळे निर्धास्त होतात. ही अंघोळ चुकली तर आतल्या वाटांत मीठ साचतं आणि पुढच्या मोसमात इंजिन तापतं. शेवटी इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहत नाही. जुन्या पेट्रोलचा चिकटा होतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. गिअरचं तेलही पाहावं. ते दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी गेलं आहे. तेल आणि सील दोन्ही बदलायला हवीत. वरून झाकायला सुती कापड घ्यावं. प्लॅस्टिक गच्च गुंडाळलं तर आतल्या आत घाम धरतो.

मशीन होडीवरच ठेवायचं असेल तर किनाऱ्यावर ओढलेल्या होडीत शक्यतो त्याचा पाय खाली सोडलेला असावा. पाय वर उचलून ठेवला तर पावसाचं पाणी पंख्याच्या तोंडातून आत साचत राहतं.

आता प्रवासाचं. पुराच्या काळात मशीन टेम्पोत किंवा जीपमध्ये घालून नेतात आणि घाईत ते आडवं होतंच. आडवं न्यावं लागलंच तर आधी थोडा वेळ उभं धरून पाणी निथळू द्यावं. मग खाली गादी किंवा जुने टायर घालून ठेवावं, पण डोकं पायापेक्षा उंच राहील असं. चार स्ट्रोकच्या मशीनला आणखी एक पथ्य आहे. त्याच्या पोटात इंजिनाचं तेल असतं. चुकीच्या कुशीवर निजवलं तर ते तेल सिलिंडरमध्ये किंवा हवेच्या वाटेत शिरतं. कुठली कूस चालते हे मशीनगणिक वेगळं असतं. ते पुस्तिकेत दिलेलं असतं, अनेकदा मशीनवरही खूण असते. ती खूण कायम रंगवून ठेवावी. अंधारात, पावसात पुस्तिका कोण वाचणार?

होडी ट्रेलरवर चढवून मशीनसकट ओढायची असेल तर प्रश्न वजनाचा येतो. पाण्याची भरलेली बादली अंगाशी धरा आणि मग तीच हात लांब करून धरा. वजन तेच, पण खांदा बोलू लागतो. अंतर दुप्पट झालं की ताणही दुप्पट होतो. रस्त्याला घासू नये म्हणून मशीनचा पाय वर उचलला की तो लांबवलेल्या हातासारखा मागे बाहेर राहतो आणि प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक गतिरोधकावर त्याचा हिसका होडीच्या मागच्या फळीला बसतो. चाळीस अश्वशक्तीचं मशीन सत्तर किलोच्या आसपास भरतं. असे हजार हिसके बसले की फळीला तडे जातात.

पाय उचलल्यावर तो खाली येऊ नये म्हणून मशीनला एक छोटी खिट्टी असते. बहुतेकांचा भरवसा तिच्यावर असतो. पण ती होडी उभी असताना पाय अडकवून ठेवण्यापुरती आहे. रस्त्यावरचे हिसके सोसायला ती केलेली नाही, हे कंपन्या पुस्तिकेत बजावून सांगतात. जमिनीपासून पुरेसं अंतर राहत असेल, तर पाय खाली, नेहमीच्या स्थितीत ठेवून नेणं उत्तम. अंतर पुरत नसेल तर टेकू द्यावा. ट्रेलरच्या मागच्या चौकटीपासून मशीनच्या पायापर्यंत जाणारा दांडा, वरच्या टोकाला रबर लावलेली बेचकी. मशीनचा पाय हळू खाली आणत त्या बेचकीत बसवायचा आणि पट्ट्यानं आवळायचा. मग वजन फळीवरून ट्रेलरवर जातं. मात्र होडीची मागची बाजूही ट्रेलरला घट्ट बांधलेली हवी. होडी मोकळी उडत राहिली तर तोच टेकू खालून घाव घालतो. हँडल सरळ करून बांधावं, म्हणजे मशीन डावी-उजवीकडे झुलत नाही. मागे आलेल्या पंख्याला लाल फडकं बांधावं. लहान मशीन असेल तर सरळ उतरवून गाडीत घ्यावं. आणि दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे पट्टे पुन्हा तपासावेत, ते सैल झालेले असतात.

हे सगळं लांबलचक वाटलं तर दोनच प्रश्न लक्षात ठेवा. मशीन ठेवताना विचारायचं, पाणी कुठे जाईल? नेताना विचारायचं, वजन कशावर येईल?

त्या वस्तीतल्या मुलांनी आता लाकडी घोडी केली आहे. मशीन दुरुस्त होऊन तिच्यावर उभं आहे. महिन्यातून एकदा ते पिंपात सुरू करतात, धार बघतात, पुन्हा निथळून घोडीवर चढवतात. कुणी कधी सुरू केलं हे भिंतीवर खडूनं लिहितात. मध्यंतरी आपाला घेऊन मी ते पाहायला गेलो होतो. तिला यंत्रातलं काही कळत नाही. तिनं भिंतीवरची शेवटची तारीख वाचली आणि म्हणाली, ‘‘मागच्याच आठवड्यातली आहे. चल, घरी जाऊ.’’

तुमच्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी पुरासाठी ठेवलेली होडी असेल. जून लागायच्या आत एकदा तिथं जा, खोली उघडायला सांगा आणि मशीन उभं आहे की निजलेलं आहे, तेवढं बघून या.