बलकातली वाफ

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांची सत्रं सुरू होतात. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून गेलेली मुलं पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने काहीतरी शिजवायला लागतात. वसतिगृहात राहायचं असेल तर बहुतेक ठिकाणी खोलीत शेगडी किंवा हॉटप्लेट चालत नाही, आगीमुळे नियम कडक असतात. चालतो तो छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह. मग मुलं डझनभर अंडी आणतात, आणि इकडून आई फोनवर सांगते, "त्यात शिजवून खाऊ नकोस रे, किरणं असतात त्यात!"

अशाच एका खोलीत मीही दोन वर्षं काढली. किरणांनी मला काही केलं नाही. हात भाजला तो एका उकडलेल्या अंड्याने, आणि त्याबद्दल मला कुणीच सावध केलं नव्हतं.

आधी किरणांचं पाहू. मायक्रोवेव्हमधल्या लहरी रेडिओलहरींच्या कुळातल्या, सेकंदाला सुमारे २.४५ अब्ज आवर्तनं करणाऱ्या. क्ष-किरणांसारखी रेणू फोडण्याची ताकद त्यांच्यात नसते. पदार्थातल्या पाण्याच्या रेणूंना त्या हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते, एवढंच. बटण बंद झालं की दिवा मालवल्यावर उजेड जावा तशा त्या संपतात, अंड्यात साठून राहत नाहीत. या लहरींची लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे दाराच्या काचेतल्या जाळीच्या बारीक छिद्रांतून त्या जवळजवळ बाहेर पडतच नाहीत. दार वाकलेलं असेल किंवा नीट बसत नसेल, तर मात्र ते यंत्र वापरू नये.

'मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो' हा समज मी इंजिनिअर मुलांकडूनही ऐकला आहे. लहरी बाहेरूनच आत शिरतात आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत पोचता पोचता क्षीण होतात. पण अंड्याची जाडीच साडेचार सेंटिमीटरच्या घरात. चहूबाजूंनी शिरलेल्या लहरी पार बलकापर्यंत पोचतात, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

कवचासकट कच्चं अंडं ठेवलं तर ते फुटतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मायक्रोवेव्ह ओव्हनची कल्पना ज्यांची, त्या पर्सी स्पेन्सर यांच्या १९४५ सालच्या सुरुवातीच्या प्रयोगांतही एक अंडं सहकाऱ्याच्या तोंडावर फुटलं, असं सांगतात. यावर मुलांनी शोधलेला तोडगा म्हणजे सुईने कवचाला भोक पाडणं. तो पुरेसा नाही. पांढरा भाग शिजायला लागला की ते भोक बुजू शकतं, आणि बलकाभोवतीचं पातळ आवरण तर शाबूतच असतं. कवचासकट अंडं मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नये.

पण माझ्या अंड्याला कवच नव्हतंच. उकडून, सोलून फ्रिजमध्ये ठेवलेलं अंडं मी अख्खंच गरम केलं. ते निमूट बाहेर आलं, ताटलीत बसलं, आणि काटा टोचताच फाडकन फुटलं. उकडलेलं अंडं शिजूनच गेलेलं असतं, आता ते काय फुटणार, हा सगळ्यांत घातक गैरसमज आहे. २०१७ साली न्यू ऑर्लिन्सच्या ध्वनिशास्त्र परिषदेत याच विषयावरचे प्रयोग मांडले गेले. जवळजवळ शंभर उकडलेली अंडी पाण्यात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये तापवली, मग बाहेर काढून टोचली. टोचल्यावर सुमारे ३० टक्के फुटली, आणि फूटभर अंतरावर मोजलेला आवाज ८६ ते १३३ डेसिबलपर्यंत गेला. बलकाचं तापमान भोवतीच्या पाण्यापेक्षा सातत्याने जास्त निघालं. संशोधकांचा तर्क असा की बलकाच्या घट्ट प्रथिनांत पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकून राहतात आणि उकळबिंदूच्या वर तापूनही उकळत नाहीत. काटा लागला की ते सगळे एकदम वाफ होतात. म्हणून उकडलेलं अंडं चिरून, बलक कुस्करूनच गरम करावं. ताटलीत फोडलेल्या अंड्याचा बलकही काट्याने दोन-तीन ठिकाणी फोडून घ्यावा.

'यात अंडं चामटच होतं' ही तक्रार खरी असते, कारण मात्र वेगळं. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांना धरायला लागतो, बलक ६५ ते ७० अंशांत घट्ट होतो. ऐंशीच्या पुढे प्रथिनं आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. चामटपणा येतो तो तिथे. व्हिडिओत सांगितलेली वेळ बहुधा हजार-बाराशे वॅटच्या यंत्राची असते आणि खोलीतलं यंत्र सातशेचं, त्यामुळे मुलं अंदाजाने मिनिटं वाढवत जातात. मी करायचे ते असं: मोठ्या मगमध्ये लोणी, बारीक कांदा आणि मिरची घालून एक मिनिट. मग दोन फेटलेली अंडी, मीठ, चमचाभर दूध, आणि ४५ सेकंद. ढवळायचं, पुन्हा २० सेकंद, पुन्हा ढवळायचं. थोडं ओलसर असतानाच थांबून वर ताटली झाकायची. त्या मिनिटभरात आतल्या उष्णतेनेच भुर्जी पुरी होते. झाकण काढल्यावर कुठे पातळ अंडं दिसलं तर आणखी दहा सेकंद द्यावीत. साल्मोनेला जंतूंच्या दृष्टीने अंड्याचा पदार्थ ७१ अंशांपर्यंत जायला हवा, असं अमेरिकी कृषी खातं सांगतं.

सत्त्व नष्ट होण्याची भीतीही नको. प्रथिनं कुठल्याही आचेवर उलगडतात आणि त्याने ती पचायला सोपी होतात. कच्ची अंडी पिणाऱ्या व्यायामवाल्या मुलांनी हे ऐकावं: १९९८ साली बेल्जियममध्ये झालेल्या एका अभ्यासात शिजलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं ५१ टक्के.

घरून बॅगेत आलेली स्टीलची वाटी इथे कामाची नाही. धातू लहरी परतवतो, अंडं नीट शिजत नाही आणि ठिणग्या उडू शकतात. सोनेरी काठाच्या कपाचंही तसंच. चिनी मातीचा साधा मग उत्तम.

आणि अंडी फ्रिजमध्येच ठेवा. अमेरिकेत दुकानातली अंडी धुऊन येतात. धुण्यात कवचावरचा नैसर्गिक थर जातो, म्हणून ती सात अंशांच्या आसपास थंड ठेवावी लागतात. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेली टाकून द्यावीत. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. तिच्या स्वयंपाकघरात न धुतलेली अंडी ओट्यावरच्या टोपलीत आठवडाभर छान राहायची.